खाऱ्या पाण्यातल्या जळवा

२८ जानेवारी १९६४, मंगळवार

बायको, अन्नपूर्णा, म्हणते, राग वहीत काढत जा, घरातल्या भांड्यांना पोचे पडले. म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी वहीला खाद्य मिळालं.

दुपारी एका बैलाच्या खुरातला काटा काढत होतो, तोच भगवंतरावांचा माणूस दवाखान्याच्या दारात उभा. "शेटजीनं बलावलं. देवळात. आत्ताच्या आत्ता." म्हटलं, हा बैल तीन पायांवर उभा आहे, त्याला काय सांगू? तर म्हणतो, "बैल काय, उद्याबी राह्यते." चिखलीत स्वतःची जिनिंग फॅक्टरी असली की माणसाला आत्ताच्या आत्ता म्हणायचा हक्क मिळतो. मी काटा काढला, पट्टी बांधली, आणि मुद्दाम चहा पिऊन गेलो.

गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात ही गर्दी. हौदाच्या काठावर ओल्या पोत्यावर एक कासव. आपल्या नदीतलं नव्हे, समुद्रातलं. पाठ परातीहून मोठी, आणि पायांच्या जागी चपटी वल्ही. भगवंतरावांना दिवाळीत नातू झाला. त्यांचा नवस होता की नातू झाला तर देवापुढं कासव ठेवीन. देवापुढं दगडाचं कासव काय, कुणीही बसवतं. यांना जिवंत हवं, आणि जिवंतसुद्धा साधं नको. मुंबईला कापसाच्या कामाला गेले होते, तिथल्या कोळ्यांकडून हे विकत घेतलं. ओल्या पोत्यात गुंडाळून रेल्वेनं मलकापूर, तिथून ट्रकनं चिखली. वाटभर उताणं होतं म्हणे, म्हणजे पळायला नको. कोळ्यानं सांगितलं होतं, पाण्यात मीठ घाला. म्हणून देवळाच्या हौदात खडेमिठाची पोती रिकामी केली.

मला बोलावलं ते दुसऱ्याच कामासाठी. कासवाच्या मानेच्या घड्यांत, वल्ह्यांच्या बगलांत, डोळ्यांच्या कडांना जळवा. बारीक, नखाएवढ्या, पण गच्च. शंभरापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. पुजारी चार हात लांब उभा होता. देवाच्या अवताराला जळवा लागलेल्या त्याच्या पोथीत नव्हत्या.

"डाक्टर, शिवरातीच्या आंधी हे सारं साफ पायजे," भगवंतराव म्हणाले. "तालुक्यातून लोकं येतीन पाह्याले."

नवस यांचा, नाव यांचं, जळवा मात्र माझ्या. बरं, मी डॉक्टरही नाही. डॉक्टरची जागा तीन वर्षं रिकामी आहे. मी स्टॉक सुपरवायझर हिंमतराव, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. काम डॉक्टरचं, हाक डॉक्टरची, पगार माझा.

जळू काढणं मला कुणी शिकवायला नको. डबक्यावर पाणी पिऊन आलेल्या किती बैलांच्या नाकांतून काढल्या आहेत. मीठ लावलं की जळू सुटलीच. मूठ मूठ मीठ कासवाच्या मानेला चोळून आलो.

३० जानेवारी, गुरुवार

मीठ चोळून दोन दिवस झाले. एकही सुटली नाही.

एक चिमट्यानं ओढून काढली आणि भिंगाखाली धरली. आपली जळू काळी, गुळगुळीत. ही करड्या रंगाची, आणि दोन्ही अंगांना झालरीसारखे धागे. खात्याच्या पुस्तकात असली जळू नाही. खात्याचं पुस्तक नागपूरच्या म्हशी पाहून लिहिलेलं, त्यात समुद्र कुठून येणार.

पण आजचा खरा संताप वेगळा. दुपारी देवळात गेलो तर कासव हौदात नाही. देवळामागं गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, तिच्यात. वर झुंबरबाई विहिरीचं पाणी ओततेय. ही बाई देवळाची झाडलोट करते, पूजेचं पाणी शेंदते, आणि देवळामागच्याच खोलीत राहते. साठीची असेल. नवरा कधीच गेला.

"बाई, हे काय चालवलंय?"

"आंग धुऊन देऊन राह्यली त्याचं. डोये पाहा न साहेब. सकायपासून रडून राह्यलं ते."

"कासव रडत नसतं. आणि ते खाऱ्या पाण्याचं जनावर आहे. गोड्या पाण्यात मरेल."

"दोन रोज झाले, मेलं तं नाई," ती म्हणाली. "तुमी बसान का साहेब दिवसभर मिठात?"

पुजारी हसला. मी मोतीरामला (हा आमचा दवाखान्याचा शिपाई) सांगून कासव उचलून परत हौदात टाकायला लावलं. कासवाच्या डोळ्यांतून खरंच पाणी गळत होतं, चिकट, तारेसारखं. डोळ्यांच्या कडेला जळवा असल्यावर गळणारच. त्याला रडणं म्हणायला झुंबरबाई व्हावं लागतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुंबईच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांचा पत्ता खात्याच्या मासिकात सापडला. जळवांचं सगळं वर्णन दिलं, झालरीसकट. हेही लिहिलं की इथली एक अडाणी बाई मनाई करूनही कासवाला रोज विहिरीच्या पाण्यात ठेवते आणि उपचारात अडथळा आणते. लिहिलेलं बरं असतं. उद्या काही झालं तर कागद हवा.

खाली सही करताना हात थांबला. स्टॉक सुपरवायझरला मुंबईचा प्राध्यापक कशाला उत्तर देतो? "पशुवैद्यकीय अधिकारी, चिखली" असं लिहिलं. खोटं काय त्यात? तीन वर्षं मीच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस अमडापूरकडच्या खेड्यांत लसी टोचत होतो. आज देवळात गेलो आणि पाहतो तर जळवा निम्म्याहून कमी! मानेच्या घड्या जवळजवळ मोकळ्या. जाण्यापूर्वी मी मिठात तंबाखूचं पाणी कालवून लावलं होतं, त्याचा गुण. तंबाखू सावकाश लागू पडतो, हे माझं निरीक्षण आहे.

झुंबरबाईचं चालूच आहे. रोज दुपारी नैवेद्यानंतर ती आणि कुणी दोघं कासव उचलतात आणि उन्हं कलेपर्यंत डोणीत ठेवतात. मी डोणीत हात घालून पाहिला. तळाशी फुगलेल्या, पांढऱ्या पडलेल्या मेलेल्या जळवांचा थर. हौदात मात्र एकही मेलेली नाही, हौद सारा ढवळला. म्हणजे तंबाखूनं खिळखिळ्या झालेल्या जळवा उचलाउचलीत गळतात, असं दिसतं.

"पडून राह्यल्या न साहेब?" झुंबरबाई म्हणाली. मी म्हटलं, औषध माझं आहे बाई. ती म्हणाली, "हाव, असन." हे "असन" मला आवडलं नाही.

तिला ओरडलो मात्र नाही. गुण येतोय तर येऊ दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल शिवरात्र झाली. कासवाच्या अंगावर औषधाला जळू नव्हती. हौदाभोवती दोरी बांधली होती तरी लोकांनी कुंकू, बेल, केळी टाकली, एकानं तर पेढा फेकून मारला. माझा घसा बसला ओरडून. देवाच्या नावावर जनावराला छळायचं असेल तर आपल्या लोकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं.

भगवंतरावांनी मला बोलावून सगळ्यांसमोर हार घातला. "आमच्या डाक्टरनं समुद्राचा रोग चिखलीत बरा केला!" आयुष्यात पहिला हार. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. अन्नपूर्णाही बायकांच्या रांगेत उभी होती, तिनं पाहिला.

तेवढ्यात गर्दीतून शाळेचे एक मास्तर मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, समुद्रातलं कासव दुपारी गुरांच्या डोणीत असतं म्हणे, गोड्या पाण्यात. हे कोणतं शास्त्र?" लोक हसले. हार गळ्यात असताना लोक हसले की तो हार किती बोचतो! मी तिथंच सांगितलं, तो माझा उपचार नव्हे, या बाईचा अडाणीपणा आहे, आणि आजपासून तो बंद. भगवंतराव म्हणाले, शेवटी देवाचं जनावर, गुरांच्या डोणीत बरं दिसत नाही. पुजाऱ्यानं मान डोलावली. झुंबरबाई दोरीपलीकडे केळ्यांची सालं गोळा करत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सालं गोळा करत राहिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जळवा परत आल्या. पाच दिवसांत! बारीक पिलं, झालरीवाली, मानेभोवती दाट. मीठ वाढवलं. तंबाखू दुप्पट.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मिठानं ढिम्म हलत नाहीत. हौद इतका खारट केलाय की काठावर पांढरी कड धरली. तंबाखू लावून लावून कासवाची मान सोलवटली, जळवा तिथंच. आता ते डोकंही फार वर काढत नाही.

एकच गोष्ट बदलली आहे ती म्हणजे गर्दी. शिवरात्रीला हजार हात हौदात बुडाले, त्यांच्याच घाणीनं हे झालं असणार. झुंबरबाईची डोण बंद झाली हेही बदललं म्हणा. पण त्याचा इथं संबंध नाही.

आज ती पकडली गेली. पोहऱ्यानं हौदाच्या कडेनं कासवाच्या तोंडावर हळूच विहिरीचं पाणी सोडत होती. मी तिच्या हातातला पोहरा घेऊन भिरकावला. तो विहिरीच्या कठड्यावर आपटून चेपला.

"साहेब, मले शिव्या द्या," ती म्हणाली, "पन त्याले एक डाव डोनीत टाकू द्या. एकच डाव. तुमीच पाहा मंग."

"तुला समुद्र म्हणजे काय ते माहीत आहे का? पाहिलास कधी?"

"नाई पाह्यला," ती म्हणाली. "तुमी?"

मोतीराम खाली मान घालून उभा होता. दुसरबीडच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, नागपुरात कोर्स केला, नोकरी सगळी या जिल्ह्यात. नाही पाहिला समुद्र. म्हणून काय झालं? पाण्यात मीठ किती ते कळायला समुद्र पाहावा लागत नाही.

पोहऱ्याचं वाईट वाटलं. पण ते तिला सांगायचं कारण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राला लाजवील असं पाणी आहे. लोणारचं तळं! बाजारचं मीठ म्हणजे नुसतं मीठ. लोणारच्या पाण्यात मीठ, खार, सोडा, काय काय आहे. लोक खरजेला लावतात. या जळवा बाजारच्या मिठाला दाद देत नाहीत, कारण ते कमजोर आहे. खारटाला जास्त खारट हवं. इतकं सोपं, आणि महिनाभर सुचलं नाही.

भगवंतराव एका शब्दात तयार झाले. उद्या मोतीराम त्यांचा ट्रक घेऊन लोणारला जाणार, पिंपं भरून आणणार. मास्तरांनाही बोलावणार आहे. येऊ देत, पाहू देत, आणि मग विचारू देत कोणतं शास्त्र ते.

मुंबईचं उत्तर अजून नाही. मोठी माणसं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाणी आलं. हिरवट, वास मारणारं, हाताला साबणासारखं बुळबुळीत. पिंपं उतरवताना मोतीरामच्या बोटांच्या भेगा झोंबल्या, तो धावत जाऊन विहिरीवर हात धुऊन आला. म्हटलं, बघ, माणसाला झोंबतं तर जळवांचं काय होईल!

हौद उपसून निम्मा केला आणि त्यात पिंपं ओतली. भगवंतराव होते, पुजारी होता, मास्तर आले नाहीत. झुंबरबाई नंदीजवळ झाडू घेऊन उभी. आज तिनं मला साहेबही म्हटलं नाही.

"मोतीरामभाऊ," तिनं त्याला विचारलं, "त्या तयात मासोया असन न?"

मोतीराम म्हणाला, "नाई मावशी. एकबी नाई. त्या पान्यात काईच नाई राहत."

"मंग हे कसं राहीन?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले, भगवंतरावसुद्धा. आता इतक्या पुढं आल्यावर एका झाडूवालीच्या प्रश्नासाठी पिंपं परत पाठवू? मी तिला म्हटलं, देवळाबाहेर जा. ओरडून म्हटलं. नंदीच्या अंगावरची कबुतरं उडाली. ती झाडू भिंतीला टेकवून गेली.

कासव पाण्यात सोडलं. त्यानं एकदम जोरात वल्ही मारली, इतकी जोरात की आमचे सगळ्यांचे कपडे भिजले. भगवंतराव म्हणाले, "पाहा, तरतरी आली!" मलाही तसंच वाटलं. तसंच वाटत होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जळवा मेल्या! सकाळी पाण्यावर तरंगत होत्या, झाडून साऱ्या. मानेवर एक नाही. भगवंतरावांना निरोप पाठवला.

कासवाच्या डोळ्यांवर पांढरी साय आली आहे. हौदाच्या एका कोपऱ्यात डोकं लावून आहे. दमलं असेल. उद्या पाणी बदलू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जळवा मेल्या, आणि कासवही.

मोतीरामनं पहाटे येऊन सांगितलं. मी गेलो तेव्हा ते उताणं तरंगत होतं. डोळे दुधासारखे. वल्ह्यांची कातडी बोट लावलं की सुटत होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल देवळाच्या पंचांची बैठक झाली. भगवंतरावांचं तोंड उतरलेलं. कासवाचं त्यांना काही नव्हतं, पण नातवाच्या नवसाचं जनावर महिनाभरात मेलं, हा अपशकुन बोभाटा होऊन गावभर फिरतोय, आणि सून माहेरी जाऊन बसली आहे. कुणाच्या तरी माथ्यावर हे जायला हवं होतं. भगवंतराव म्हणाले, "डाक्टर, तुमी कागद द्या. शास्त्राचा."

मी दिला. आठवून इथं लिहितो, कारण वहीशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय: "सदर कासव समुद्री असून, मनाई असताना वारंवार विहिरीच्या गोड्या पाण्यात ठेवल्याने त्याची प्रकृती खालावली व उपचारास दाद न देता ते मृत झाले." दवाखान्याच्या रजिस्टरमध्येही मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात "गोडे पाणी" लिहिलं.

हे खोटं नाही. सुरुवातीला ती ठेवतच होती. मूळ अशक्तपणा तिथूनच आला असणार. मी ते तीनदा मनाशी घोकलं आणि तीनही वेळा मला स्वतःचाच राग आला. का ते कळत नाही.

झुंबरबाईला देवळातून काढलं. खोलीही गेली. मोतीराम सांगत होता, तिनं कासव देवळामागं पुरू द्या एवढंच मागितलं, आणि खड्डा त्याच्याबरोबर तिनंच खणला. मोतीराम आता माझ्याशी कामापुरतं बोलतो. शिपायानंसुद्धा तोंड फिरवावं, अशी माझी किंमत!

अन्नपूर्णा म्हणाली, "तुमी त्या पान्यात सोताचा हात किती वेळ ठेवला होता?" ताट सारून उठलो.

९ मार्च, सोमवार

मुंबईचं पत्र आलं.

त्याच्यावर दहा फेब्रुवारी तारीख आहे. दहा! म्हणजे शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते लिहून झालं होतं. "पशुवैद्यकीय अधिकारी, चिखली" यांना सरकारी रीतीप्रमाणं जिल्ह्याच्या कचेरीमार्फत पाठवलं. कचेरीत कारकुनानं यादी पाहिली. चिखलीला अधिकारीच नाही. मग "हे अधिकारी कोण, खुलासा व्हावा" असा शेरा, त्यावर दुसऱ्याचा शेरा, त्यावर तिसऱ्याचा. पत्र महिनाभर टेबलावर. कचेरीला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग सही आठवली. ते अक्षर माझंच होतं.

पत्र इंग्रजीत आहे. मराठी करून उतरवतो, म्हणजे मला पळता येणार नाही.

"तुम्ही वर्णिलेल्या झालरी म्हणजे या जळवांचे कल्ले. या समुद्रातल्या जळवा आहेत. मिठाने त्यांना काही होत नाही, त्या मिठातच जन्मतात. गोड्या पाण्यात मात्र फुगून मरतात. कासवाला गोडे पाणी दिवसभरही सोसते. अंडी चिकटलेली राहतात, म्हणून हा उपाय पुन्हा पुन्हा करावा लागतो. डोळ्यांतून गळणारे पाणी हे दुखणे नव्हे, अंगातले जास्तीचे मीठ टाकण्याची ती त्याची रीत आहे. मीठ वाढवू नका. जमल्यास कासव लवकर समुद्राकडे परत पाठवा. तोवर, तुम्ही जिची तक्रार केली आहे त्या बाईला तिचे काम करू द्या. तिचा उपचार बरोबर आहे."

तिचा उपचार बरोबर आहे.

डोणीच्या तळाशी मी स्वतः हात घातला होता. मेलेल्या जळवा माझ्या तळहातावर होत्या. हौदात एकही नाही म्हणून मीच इथं लिहिलंय, सहा तारखेला. मागची पानं उलटून वाचली. अरे गाढवा, सगळं तूच लिहिलंयस! बैलाच्या खुरातला काटा तुला दिसतो आणि हे दिसलं नाही?

११ मार्च, बुधवार

काल भगवंतरावांकडं गेलो. पत्र दाखवलं, नवीन कागद पुढं केला, माझ्या सहीचा: उपचार चुकला, बाईचा दोष नाही, तिला परत ठेवावं.

त्यांनी वाचला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. "हिंमतराव, झालं गेलं. नातवाच्या नवसाचं कासव मीच पानी आनून मारलं म्हंता, तं लोकं माह्या तोंडात शेन घालतीन. म्हातारीच्या हातानं मेलं, त्यात कोनाचं काय गेलं?"

पहिल्यांदाच त्यांनी मला डाक्टर म्हटलं नाही.

"तिची खोली गेली," मी म्हणालो.

"तुमी लिहून देल्लं म्हनून गेली. म्या सही केली का?"

महिनाभर ज्याच्या त्याच्यावर ओरडलो, आणि जिथं ओरडायला हवं होतं तिथून उठून निघालो, कारण माणूस खरं बोलत होता. घरी येताना रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

आज सकाळी रजिस्टर काढलं. "गोडे पाणी" वर रेघ मारली आणि त्याच रकान्यात लिहिलं, "उपचार. लोणारचे पाणी." बाजूला सही, हुद्दा: स्टॉक सुपरवायझर. मोतीराम दारात उभा राहून पाहत होता. शाई वाळेपर्यंत त्यानं रजिस्टर धरून ठेवलं. मास्तरांच्या शाळेतही गेलो आणि सगळ्या शिक्षकांसमोर पत्र वाचलं. मास्तर म्हणाले, अहो, मी थट्टेनं विचारलं होतं. तेवढ्यानं माझा जीव आणखी जळला.

दुपारी झुंबरबाईकडं गेलो. देवळाला लागून तिच्या भाच्याचा भाजीचा मळा आहे, तिथं एका छपरात राहते. मेथीच्या जुड्या बांधत होती. खाली बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं पत्र सांगितलं. झालरी, कल्ले, अंडी, डोळ्यांतलं पाणी. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

मला वाटलं होतं, आता ती बोलेल. मी तिला देवळाबाहेर हाकललं होतं तसं तीही मला बांधाबाहेर हाकलेल. मनातून तेच हवं होतं. महिनाभराचा राग अंगात साठलेला, कुणीतरी तो माझ्यावर ओतायला हवा होता.

तिनं हातातली जुडी पुरी केली. सुतळीची गाठ मारली.

"म्हंजे माह्या पान्यानं त्याले बरं वाटे," ती म्हणाली.

"हाव."

"ते रडे, तेबी चांगलंच होतं."

"हाव. माहं चुकलं मावशी. मी तुले लई बोललो. मीच मारलं त्याले."

मी इतक्या दिवसांत तिच्याशी आमच्या घरच्या बोलीत पहिल्यांदाच बोललो. तिनं वर पाहिलं. चूक कबूल केल्यावर माणसं म्हणतात, जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही.

"तुमाले म्या एकच डाव मांगतला होता," ती म्हणाली.

मग उठली, छपरात गेली, आणि तांब्या घेऊन आली. उन्हातून दारी आलेल्याला पाणी द्यायचं असतं, तो कुणीही असो, म्हणून. मागं कोपऱ्यात चेपलेला पोहरा दिसत होता.

"घ्या," ती म्हणाली. "त्याच इहिरीचं हाये. चालन न तुमाले?"

तहान नव्हती. तरी तांब्या रिकामा होईपर्यंत प्यालो.